सहा पेन्सांचा गुन्हा

चार्ल्स नोल्टन हा मॅसॅच्युसेट्सचा डॉक्टर. १८३२ साली त्याने ‘फ्रूट्स ऑफ फिलॉसॉफी’ ही पुस्तिका काढली. नाव वेदान्ताचं, आत पिचकारी आणि तुरटीचं पाणी. दिवस राहू नयेत म्हणून संबंधानंतर बाईने लगेच आतून धुऊन घ्यायचं. तुरटी नसेल तर ओकच्या सालीचा काढा किंवा ग्रीन टी. गुण किती यायचा ते सोडा. उपाय बाईच्या हातात राहतो, नवऱ्याच्या मर्जीवर नाही, हे त्याला महत्त्वाचं वाटलं. बक्षीस काय, तर तीन महिने सक्तमजुरी.

•

संशोधक गुडइयरच्या हाती रबर पक्कं करण्याची युक्ती आली ती १८३९ मध्ये. त्यातून पुढे कंडोम आले. जाडजूड, शिवणीचे, धुऊन पुन्हा वापरायचे! त्याआधी मेंढीच्या आतड्याचे असत.

•

त्या काळचे कित्येक डॉक्टर दोन पाळ्यांच्या मधले दिवस निर्धोक म्हणून सांगत. नेमके उलटे. सल्ला मानणाऱ्यांच्या घरी पाळणा हललाच असणार.

•

ॲनी बेझंट म्हटलं की आपल्याला होमरूल आठवतं, टिळक आठवतात. पण १८७७च्या मार्चमध्ये बाई लंडनमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासोबत नोल्टनचीच पुस्तिका विकत होत्या, पोलिसांना आगाऊ कळवून. किंमत सहा पेन्स. दोघांवर खटला झाला आणि त्याच्या गाजावाजाने काही महिन्यांत लाखाहून अधिक प्रती खपल्या. एरवी इंग्लंडमध्ये ती चाळीसेक वर्षं गुपचूप मिळतच होती!

ज्यूरीचा निकाल तर मासलेवाईक: पुस्तक नीती बिघडवणारं, पण प्रकाशकांचा हेतू वाईट नव्हता. सहा महिने कैद आणि दंड झाला. अपिलात आरोपपत्रातल्या त्रुटीवर सुटका झाली. बाईंना खरी शिक्षा १८७८ मध्ये मिळाली. पाद्री नवऱ्याने कोर्टाकडून मुलगी मेबेलचा ताबा काढून घेतला.

१८९१ मध्ये, थिऑसॉफीकडे वळल्यावर, त्यांनी याच विषयावरचं स्वतःचं पुस्तक मागे घेतलं. मला ते खटकतं. १८९३ला त्या भारतात आल्या.

•

माझ्या मते सरकारला मजकुरापेक्षा किंमत झोंबली. पैसेवाल्यांना डॉक्टर कानात सांगतच होते. पुरावा हवा तर लीड्सचा डॉ. हेन्री ऑलबट घ्या. ‘द वाइफ्स हँडबुक’ त्याने सहा पेन्सांनाच विकलं. १८८७ मध्ये वैद्यक परिषदेने त्याचं नाव नोंदवहीतून काढलं आणि ठपक्यातच लिहिलं, की पुस्तक इतक्या कमी किमतीला विकलं.