तासाभराचा ढग

वैशाखातली दुपार सोलापूर-सांगलीकडच्या माळावर अंगावर येते. पारा ४० च्या पुढे, पिंपळाचं पानसुद्धा हलत नाही, जनावरं लिंबाच्या तोकड्या सावलीत एकमेकांना रेटत उभी. अशा कोंडलेल्या वेळी क्षितिजावर एक पांढरा ढग डोकं काढतो. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मी मात्र कामं टाकून बघत बसतो.

नजर न हलवता पाहिलं, तर त्याचा माथा उकळताना दिसतो. फुगवट्यातून फुगवटा फुटतो. अरबी समुद्रावरून आलेली ओल तापल्या मातीवरून वर उठते, वर जाता जाता गारठते आणि तिचे थेंब होतात. थेंब होताना वाफ पोटातली उष्णता सोडून देते. दूर समुद्रावर उन्हानं पाण्यात घातलेली ही ऊब इथं आभाळात मोकळी होते, तिनं हवा आणखी हलकी होते आणि आणखी वर उधळते. चढता चढता ढग १५-१६ किलोमीटर गाठतो. कळसुबाईवर कळसुबाई रचत गेलो तर दहा लागतील. तिथं, उणे ६० अंशांच्याही खालच्या थंडीत, त्याला वर जायला वाट उरत नाही. माथा सपाट होऊन आडवा पसरू लागतो. खाली आपण घाम पुसत असतो आणि डोक्यावर बर्फाचं रान उभं असतं.

त्या रानात काय चालतं ते ऐकून हात जोडावेत असं वाटतं. उणे १५ अंशांतही न गोठलेले थेंब, बर्फाचे नाजूक स्फटिक आणि गारेचे भुसभुशीत कण एकमेकांवर आदळत राहतात. हलके स्फटिक धन भार घेऊन वर जातात, जड कण ऋण भार घेऊन खाली रेंगाळतात. भार साचत साचत असह्य होतो, तेव्हा वीज निघते. पण थेट येत नाही. साधारण ५०-५० मीटरच्या टप्प्यांनी, चाचपडत, फाटे फोडत खाली उतरते. ती जवळ आली की जमिनीवरून, झाडाच्या शेंड्यातून, उघड्यावर उभ्या माणसाच्या डोक्यातूनसुद्धा, तिला भेटायला एक ठिणगी वर निघते. दोघींची गाठ पडते तेव्हा वाटेतली हवा क्षणात ३०,००० अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! कडकडाट म्हणजे त्या हवेचं फाटणं.

मग गार वारा सुटतो. शेजारच्या वस्तीवरच्या आजी ओरडतात, “गार वारं सुटलं रं, कडबा झाका!” आजींचं चुकत नाही. ढगातून निघालेल्या सरी खालच्या कोरड्या हवेत अर्ध्यामुर्ध्या विरतात, ती हवा गारठून जड होते आणि कोसळते. जमिनीवर आपटून चहूकडे धावते. धूळ, पाचोळा, पत्र्यांचा खडखडाट आणि मातीचा वास, सगळं तिच्याबरोबर. आपण सुखावून छाती भरून श्वास घेतो, पण ढगाचं मरण तिथंच सुरू झालेलं असतं. ही गार हवा त्याच्या तळाशी पसरते आणि त्याला पोसणारी ऊब तोडते. १९४६-४७ मध्ये अमेरिकेत होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहॅम यांनी युद्धातली ‘ब्लॅक विडो’ विमानं मुद्दाम अशा वादळांत घुसवली, तेव्हा हे नीट उलगडलं: चढणं, भरणं, विरणं, सगळं मिळून तासाभराचं आयुष्य. ज्या पावसासाठी ढग उभा राहतो, तोच त्याला संपवतो. जाता जाता गार वाऱ्याची कड पुढची उष्ण हवा उचलते आणि पलीकडच्या गावावर नवा ढग उगवतो.

हे मरण टळलं तर मात्र कठीण. उंचीबरोबर वाऱ्याची दिशा आणि वेग झपाट्यानं बदलत असला, की ढग कलतो, पाऊस बाजूला पडतो आणि ऊब तुटत नाही. मग सगळा चढता झोतच फिरू लागतो, ढग तासन्‌तास जगतो आणि कधी त्याच्या तळातून चक्रीवात जमिनीला टेकतो. ओक्लाहोमा, कॅन्सस ही त्याची नेहमीची मैदानं. पण वैशाखातला बंगालही त्यातून सुटलेला नाही. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशातल्या माणिकगंज भागात अशा एका वादळानं सुमारे १,३०० माणसं नेली. आपल्या माळावरची भुताची वावटळ निराळी. ती निरभ्र उन्हात जमिनीच्या तापातून उठते, ढगाशी तिचं नातं नाही.

आमच्याकडे पडली ती गार. वाटाण्याएवढी गार तळहातावर घेतली, आत एक दुधी कडं, त्याभोवती काचेसारखं नितळ कडं. पटकन गोठलेल्या पाण्यात हवा अडकते म्हणून ते दुधी, सावकाश गोठलेलं नितळ. तिचा वरचा सगळा प्रवास त्यात नोंदलेला, आणि वाचेपर्यंत वितळूनही गेला.

पाऊस थांबला, ऊन पडलं, आजी शेळ्या सोडायला निघाल्या. पण विरत्या ढगाच्या पसरलेल्या माथ्यातून निघालेली वीज दहा-पंधरा किलोमीटरवर, कोरड्या रानातही पडते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावं, ते यासाठी. मी फोनवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप उघडून दाखवलं, विजांचे ठिपके अजून जवळच होते.

“बरं, ऱ्हाऊ दे,” म्हणत आजी ओट्यावर टेकल्या. “पण अर्धा तास झाला की तू सोडायच्या.”