जर्सी बेटावरील प्रतिनिधिद्रव्यें

गेल्या वैशाखांत चिरंजीवांकडे लंडनला गेलों असतां आठ दिवस जर्सी बेटावर काढण्याचा योग आला. हें बेट फ्रान्सच्या किनाऱ्यापासून सुमारें चौदा मैलांवर. राजनिष्ठा मात्र इंग्लंडच्या मुकुटाशीं. १ जुलै १९४० पासून ९ मे १९४५ पर्यंत तें जर्मनांच्या ताब्यांत होतें. त्यांनीं वेठीच्या मजुरांकडून खोदविलेलें, पुढें रुग्णालय म्हणून सजविलेलें भुयार सेंट लॉरेन्स येथें आहे. त्यांत आतां त्या पांच वर्षांचें प्रदर्शन मांडलें आहे. तें पाहावयास आम्ही उभयतां गेलों.

तेथील गृहिणींनीं संसार कसा रेटला हें वाचतांना आम्हांस मीमांसकांच्या प्रतिनिधिविचाराची आठवण झाली. सोम न मिळाल्यास पूतीका घ्यावी, व्रीहि नसल्यास नीवार घ्यावा. मंत्र मात्र मूळचाच म्हणावा. आपणही देवास वस्त्र नसलें कीं त्याच्या नांवानें अक्षता वाहतोंच. जर्सीकरांचा चहा याच जातीचा. चहाची पत्ती मिळेना तेव्हां काटेरी ब्लॅकबेरीचीं पानें वाळवून उकळीत, आणि त्यास म्हणत चहाच! कॉफी पार्सनिप नांवाच्या गाजरासारख्या कंदाची, नाहींतर ओकच्या फळांची, भाजून दळलेली. साखरेच्या जागीं बीट तासन्‌तास आटवून केलेला काकवीसारखा पाक. मीठ सरलें तेव्हां बटाटे समुद्राच्या पाण्यांत शिजूं लागले. तेच बटाटे किसून, पाण्यांत धुऊन, तळाशीं बसलेलें सत्त्व पिठासारखें वापरीत. गव्हाचें सत्त्व काढणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या बायकांस ही युक्ति नवी वाटणार नाहीं. सायकलच्या चाकांस बागेंत पाणी घालण्याची रबरी नळी, बुटांस लांकडी तळ. तंबाखू म्हणून काय काय ओढीत तें विचारूंच नये. आम्ही तपकिरीचे भोक्ते, म्हणून हंसलों नाहीं.

जून १९४४ मध्यें दोस्तांचें सैन्य नॉर्मंडींत उतरलें आणि फ्रान्सकडून येणारें धान्यही बंद झालें. डिसेंबरअखेर रेडक्रॉसचें 'व्हेगा' जहाज अन्नाचीं पुडकीं घेऊन आलें, तोंवर प्रतिनिधीसही प्रतिनिधि मिळेनासा झाला होता.

येथवर आम्ही सौभाग्यवतींस मीमांसा समजावून देत होतों. पुढें इन्सुलिनची हकीकत लागली. तें पुरेसें येईना, आणि बेटावरील कित्येक मधुमेही दगावले. चहाचें काम पानांनीं भागलें; या औषधाच्या जागीं घालावें असें कोणाच्या परसांत कांहींच उगवत नव्हतें.

आमच्या सौभाग्यवतींस गेलीं अकरा वर्षें तेंच औषध दोन वेळां टोंचून घ्यावें लागतें. प्रवासांत त्या तें बर्फाच्या पिशवींत घालून खांद्यास लावतात. त्या बर्फाच्या खटाटोपांत सकाळची बस चुकली, म्हणून आम्हीं चारचौघांत कुरकुर केली होती.

त्यांनीं तो मजकूर सावकाश वाचला, आणि कांहीं बोलल्या नाहींत. आम्हींही मीमांसा आवरली, त्यांच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडे घेतली, व दोघे बाहेर उन्हांत आलों. तेथील उपाहारगृहांत चहा मागविला. एक साखरेचा, एक बिनसाखरेचा.