उसाचं बिल आणि व्यवस्थापनाचा वर्ग

१ ऑगस्ट २००४ रोजी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून सोलापूर जिल्हा वेगळा काढून त्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. एका जिल्ह्यासाठी एक विद्यापीठ. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. स्थापनेपासून आजपर्यंत अशा आटोपशीर विद्यापीठाकडे बहुतेक लोक अडचण म्हणूनच बघत आले आहेत: निधी कमी, नाव कमी, कंपन्या येत नाहीत. व्यवस्थापनाच्या पदव्यांच्या बाबतीत तर हे फारच बोललं जातं. जिल्ह्याच्या ठिकाणचं बीबीए आणि एमबीए म्हणजे पुण्यात प्रवेश न मिळालेल्यांची सोय, असा समज पालकांत आहे, विद्यार्थ्यांत आहे, आणि वाईट वाटतं पण शिकवणाऱ्या आम्हा लोकांतही आहे. इतकी वर्षं या विषयांच्या सहवासात काढल्यावर माझं मत याच्या नेमकं उलट झालं आहे. व्यवस्थापन शिकायला एक जिल्हा पुरेसा आहे. तो जिल्हाच पाठ्यपुस्तक म्हणून उघडायची तयारी मात्र हवी, आणि ती तयारी लहान विद्यापीठालाच सोपी जाते.

आत्ता वर्गात काय उघडलं जातं ते पाहू. बीबीएच्या पहिल्या वर्षी फेयोलची चौदा तत्त्वं, मॅस्लोची गरजांची उतरंड आणि विपणनाचे चार ‘पी’ येतात. तीन वर्षांनी तोच मुलगा एमबीएला बसतो आणि पहिल्या सत्रात पुन्हा फेयोल, पुन्हा मॅस्लो, पुन्हा चार ‘पी’. याला कारण आहे. एमबीएला कोणत्याही शाखेचा पदवीधर येतो, अभियंता येतो, बीएस्सीवाला येतो, म्हणून सुरुवात मुळापासून करावी लागते. पण बीबीए करून आलेल्याचं एक सत्र त्यात जातं, हे कुणी हिशेबात धरत नाही. हा साचा आला कुठून हेही लक्षात घ्यायला हवं. फिलाडेल्फियात व्हार्टन १८८१ मध्ये निघालं, हार्वर्डचं एमबीए १९०८ मध्ये सुरू झालं, मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये उभं राहिलं, आणि १९६१ मध्ये कोलकाता व अहमदाबाद इथे आयआयएम आल्या. दरम्यान १९५९ मध्ये अमेरिकेत फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांचे अहवाल निघाले. बिझनेस स्कूलं कारकुनी कौशल्यं शिकवतात, त्यांना शास्त्राचा पाया नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यानंतर तिथले अभ्यासक्रम सिद्धान्ताकडे वळले. ती दुरुस्ती तिथल्या रोगावर होती. आपल्याकडे टप्प्याटप्प्यानं झिरपत आलं ते औषध तेवढं, आणि आपला रोग वेगळा होता. आपल्या विद्यार्थ्याला सिद्धान्ताची व्याख्या पाठ असते, पण तो सिद्धान्त जिथे रोज घडतो ती जागा त्याच्या घरापासून दहा किलोमीटरवर आहे, हे त्याला कुणी दाखवत नाही.

एक जागा जवळून बघू. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने राज्यात सर्वाधिक म्हणावेत इतके आहेत. समजा, एक कारखाना दिवसाला पाच हजार टन ऊस गाळतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली होती, म्हणजे टनाला ३,४०० रुपये. (सोलापूरचा उतारा कोल्हापूरपेक्षा कमी पडतो, पण हिशेबाच्या सोयीसाठी हाच आकडा धरू.) म्हणजे एका दिवसाच्या उसाची देणी १ कोटी ७० लाख रुपयांची झाली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ही रक्कम चौदा दिवसांत द्यायची, नाहीतर वर्षाला पंधरा टक्के व्याज चढतं. त्या दिवशीच्या उसातून साखर निघाली ५,१२५ क्विंटल. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि त्या हंगामापर्यंत तिथेच थांबला होता. एफआरपी मात्र २०१८-१९ मधल्या २७५ रुपयांवरून वर गेली. किमान दरानं धरलं तर पोत्यांतली ती साखर सुमारे १ कोटी ५९ लाखांची होते. बाजारभाव याहून वर असतो, बगॅस आणि मळीचेही पैसे येतात, हे खरं. पण मजुरी, रसायनं, कर्जाचा हप्ता यांतलं काहीही अजून धरलेलं नाही. शिवाय साखर आज तयार झाली म्हणून आज विकता येत नाही. दर महिन्याला किती विकायची याचा कोटा दिल्लीहून येतो. म्हणजे गाळप चार-पाच महिन्यांचं, विक्री बारा महिन्यांची, आणि देणं चौदा दिवसांचं. मधली फट भरायला गोदामातली साखर बँकेकडे गहाण टाकून मालतारण कर्ज काढायचं. खेळत्या भांडवलाचा अख्खा धडा या एका पोत्यात आहे. त्यात धोरणाची जोखीमही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन आणलं, आणि त्या भरवशावर कर्ज काढून प्रकल्प उभारलेल्यांचं गणित एका आदेशानं फिरलं. एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा राज्यानं २०२२ मध्ये दिली होती, ती मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली. शेतकऱ्याच्या बाजूनं हा न्याय होता. कारखान्याच्या रोख प्रवाहाच्या तक्त्यात त्यामुळे प्रत्येक पंधरवड्याचा रकाना बदलला. कायदा, वित्त, उत्पादन आणि राजकारण एकाच टेबलावर येतात असं याहून चांगलं उदाहरण शहरातल्या कुठल्या वर्गात मिळेल?

आणि हे काही एकट्या साखरेचं नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरीही तिच्या नावानं दुसरीकडे विणलेला माल बाजारात खपतो. ब्रँड म्हणजे काय, मानांकनाचा कागद आणि गिऱ्हाईकाच्या मनातली ओळख यांत किती अंतर असतं, हे इथे शिकावं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबालाही २०१६ मध्ये मानांकन मिळालं. त्याचा भावात किती फरक पडला, हा एमबीएच्या दोन सत्रांना पुरेल असा प्रश्न आहे. विडी कामगार बाईला तेंदूपत्ता आणि तंबाखू मोजून मिळतो, ती घरी बसून विड्या वळते, हजारावर मजुरी घेते, आणि छाट निघालेल्या विड्यांचा तोटा तिच्या माथी बसतो. ‘गिग’ कामगारांवर आज जे लेख लिहिले जातात त्यांतले बहुतेक प्रश्न या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. याच बायकांसाठी सोलापूरजवळच्या कुंभारीत १०,००० घरांची सहकारी वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये घरं ताब्यात मिळाली. केंद्र, राज्य आणि कामगार असा पैशाचा वाटा कसा जुळवला हा प्रकल्प-वित्ताचा पाठ आहे. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं येतात आणि आठवडाभरात परततात. त्या आठवड्यासाठी चुरमुरे, बत्तासे, कुंकू-बुक्का यांचा साठा कुणी, कधी, कोणत्या अंदाजानं आणि किती उधारीवर भरायचा, हे तिथल्या दुकानदारांना पिढीजात ठाऊक आहे. ते कुणी लिहून घेतलेलं नाही, एवढंच.

लिहून घेण्याचं हे काम लहान विद्यापीठच करू शकतं असं मी म्हणतो, कारण तिथे बीबीए आणि एमबीए ही दोन वेगळी राज्यं नसतात. बऱ्याचदा शिक्षक तेच, ग्रंथालय तेच, इमारतही तीच. पदवीच्या दुसऱ्या वर्षाची मुलं गावोगाव जाऊन आकडे गोळा करतील: कोणत्या कारखान्याचं बिल किती दिवसांनी आलं, मागाला महिन्यात किती दिवस सूत मिळालं नाही. तिसऱ्या वर्षी त्याचे तक्ते होतील. एमबीएची मुलं त्या तक्त्यांवरून निर्णयाचा प्रश्न उभा करतील. पुढच्या तुकडीला हाताशी तीन वर्षांची आकडेवारी असेल, त्यापुढच्या तुकडीला सहा. मोठ्या विद्यापीठात शेकडो महाविद्यालयांत हे जमवणं अशक्यप्राय असतं. आज याच्या जागी काय होतं ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यात बांधलेला, वर सोनेरी अक्षरं छापलेला प्रकल्प अहवाल. विषय दुचाकीच्या शोरूममधलं ग्राहक-समाधान. उत्तरं देणारे बरोबर शंभर. आणि निष्कर्ष असा की बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत. तोंडी परीक्षा होते आणि अहवाल कपाटात जातो. नव्या शैक्षणिक धोरणानं क्षेत्रीय प्रकल्पाला आणि प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला क्रेडिट दिली आहेत. जागा तयार आहे. ती पुन्हा रेक्झिननं भरायची की कशानं, हे प्रत्येक विभागानं ठरवायचं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो पालकांचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. मुलाला पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी हवी आहे. त्याला ऊस आणि चादर शिकवून तुम्ही त्याला जिल्ह्यात बांधून ठेवणार का? ही भीती खोटी नाही. गरीब घरातल्या पोराला स्थानिकतेचे गोडवे गाऊन गावातच थोपवणं हा अन्याय होईल. पण ज्यानं कारखान्याचा पंधरवड्याचा रोख प्रवाह स्वतः मांडला आहे, त्याला सॉफ्टवेअर कंपनीचा किंवा किराणा साखळीचा मांडता येतो. व्याख्या पाठ केलेल्याला दोन्ही येत नाहीत. आणि मोठ्या संस्थांनीही हेच केलं आहे. अहमदाबादच्या आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई पद सोडल्यावर राजस्थानातल्या जवाजा भागात गेले आणि चर्मकार व विणकरांसोबत व्यवस्थापनाचा प्रयोग त्यांनी केला. आणंदची ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापन संस्था १९७९ मध्ये वर्गीस कुरियन यांनी दुधाच्या सहकारातूनच उभी केली. आपल्याकडे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते, आणि याच गाडगीळांचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास १९६५ मध्ये ग्रंथरूपानं आला. जो माणूस पुढे नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष झाला त्याला सोलापूरच्या गल्ल्या मोजणं कमीपणाचं वाटलं नव्हतं.

दुसरा आक्षेप भाषेचा. मुलाखत इंग्रजीत होते, मग हे सगळं मराठीतून कशाला? मी इंग्रजी कमी करा म्हणत नाही. पण उधारी, वटाव, खतावणी, मालतारण हे शब्द ज्याच्या घरात रोज बोलले जातात, त्याला तीच गोष्ट इंग्रजीत परकी म्हणून शिकवली की तो आपलं माहीत असलेलं घराबाहेर ठेवून वर्गात येतो. आधी मालतारण, मग ‘प्लेज लोन’, असा क्रम ठेवला तर दोन्ही शब्द पक्के बसतात. सोलापुरात तर तेलुगू आणि कन्नडही आहेत. मागवाल्याशी तेलुगूत बोलू शकणारी मुलगी ही सर्वेक्षणाला लाभलेली मोठी शिदोरी आहे, तिला अडचण मानू नये.

शिक्षक कुठून आणायचे, या तिसऱ्या आक्षेपापुढे माझ्याकडे निर्दोष उत्तर नाही. भरती रखडलेली आहे, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या माणसाला क्षेत्रकामाला पाठवायचं तर त्याचे पैसे कोण देणार हा प्रश्न रास्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट मोकळी केली, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. कारखान्याचे निवृत्त मुख्य लेखापाल, बाजार समितीचे सचिव, सनदी लेखापाल यांना आणता येईल. पण त्यांना वर्ग सांभाळणारा कायम शिक्षक सोबत हवाच. भरतीला पर्याय म्हणून ही वाट वापरली तर ती योजना वाया जाईल.

घाई यासाठी की विद्यार्थी थांबणार नाहीत. २०२४-२५ पासून बीबीए आणि बीएमएस हे एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत आले, राज्यात त्यांना पहिल्यांदाच सामाईक प्रवेश परीक्षा लागली, आणि परीक्षा दिलेल्यांची संख्या उपलब्ध जागांच्या निम्मीही नव्हती. परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. बऱ्याच महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून तो बी.कॉम.च्या छत्राखाली नेला. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. म्हणजे एकीकडे जागा रिकाम्या, दुसरीकडे सांगोल्या-अक्कलकोटच्या मुलीला एमबीएचं दार पहिल्यांदा खऱ्या अर्थानं उघडं. ती आत आल्यावर तिच्यापुढे काय ठेवणार?

माझ्या मते बदल प्रश्नपत्रिकेपासून सुरू करावा, कारण मुलं शेवटी तेच वाचतात जे विचारलं जातं. ‘खेळत्या भांडवलाचे प्रकार स्पष्ट करा’ या दहा गुणांच्या प्रश्नाच्या जागी मी असा प्रश्न ठेवीन: रोज पाच हजार टन गाळणाऱ्या एका कारखान्याचा हंगाम पाऊस लांबल्यामुळे १४० दिवसांऐवजी १०० दिवसांवर आला. मालतारण कर्जाचा हप्ता मार्चअखेर आहे, विक्रीचा कोटा ठरलेला आहे आणि शेवटच्या पंधरवड्याचं ऊसबिल अजून द्यायचं आहे. शेतकऱ्याचं बिल चौदा दिवसांत जाईल असा मार्च ते सप्टेंबरचा रोख प्रवाहाचा तक्ता करा. जमत नसेल तर कोणतं देणं पुढे ढकलाल आणि त्याची किंमत कोण मोजेल, ते लिहा.