दुसरी टाकी

आमच्या घरात काचेच्या टाक्या कायम दोन असत. मोठी बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल अशी. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत लांबी भरून काचा बसवलेली. दुसरी मोरीजवळच्या फळीवर, आणि ती खरं तर किराणा दुकानातली बिस्किटांची बरणी. क्रॉफर्ड मार्केटमधून गप्पी किंवा मॉली आणले की ते आधी बरणीत जात. आम्ही भावंडं कितीही मागे लागलो तरी बाबा बधत नसत. “अंगावर पांढरे ठिपके उठतात का बघू, मग सोडू,” एवढंच म्हणत. त्या रोगाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. तो नव्या माशाबरोबर घरात शिरतो, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

पुढे बँकेच्या नोकरीत १९९४ साली माझी बदली नेल्लोरला झाली. भातखाचरांच्या जागी तेव्हा कोळंबीची तळी खोदली जात होती. त्या वर्षाच्या अखेरीस टायगर कोळंबी मरायला लागली. खाणं सोडायची, सुस्तावून बांधाच्या कडेला यायची. कवच सोलून उजेडात धरलं की आतून पांढरे डाग दिसायचे. आठ-दहा दिवसांत अख्खं तळं रिकामं. रोग विषाणूचा होता; तो बियाण्यातून येई, पाण्यातूनही येई. एकाने खाडीत सोडलेलं पाणी शेजारचा पंपाने आत घेई. ज्यांच्या कर्जाच्या फायली माझ्या टेबलावर होत्या, ती माणसं समोर बसून नुसती हात चोळत राहायची. औषध नव्हतंच, आजही नाही. २००९ साली व्हनामेई या परदेशी कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली, तेव्हा परदेशातून येणाऱ्या प्रजनक कोळंबीसाठी चेन्नईत नीलांकराईला विलगीकरण केंद्र सुरू झालं. ती बातमी वाचताना मला फळीवरची बरणी आठवली. सरकारने बरणी मांडली होती, उशिरा का होईना.

निवृत्तीनंतर पुण्यात मी चेरी श्रिंप पाळायला घेतले. तैवान-चीनकडचा हा जीव, नखाएवढा, लालभडक, दिवसभर शेवाळ खुडत बसणारा. नव्यांसाठीची दुसरी टाकी मी पहिलीइतकीच मनापासून सांभाळते. तिचा स्पंज फिल्टर आधी काही आठवडे मोठ्या टाकीत चालवून घेते, कारण कोऱ्या पाण्यात आणि कोऱ्या काचेवर या जिवांना खायलाच काही नसतं. आत थोडं मॉस आणि रस्त्याकडेच्या देशी बदामाचं एक वाळलेलं पान. माशांचं तांबं असलेलं औषध पडलेली टाकी इथे चालत नाही. माशाला बरं करणारं तांबं श्रिंपला मारतं.

नव्या श्रिंपची पिशवी दुकानातून आणलेली असेल तर बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत तास-दीड तास काढते. खडकवासल्याचं पाणी मऊ, बोअरचं जड. एकदम बदल झाला की कात टाकताना श्रिंप अडकून मरतो. कुरियरने लांबून आलेल्या पिशवीला मात्र इतका वेळ देत नाही. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पाणी आम्लधर्मी झालेलं असतं, म्हणून अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवीतलं पाणी टाकीत कधीच जात नाही.

मग महिनाभर बघत राहायचं. महिना अशासाठी, की तेवढ्यात मोठा श्रिंप एकदा तरी कात टाकतो. दोन डोळ्यांच्या मध्ये, नाकाच्या टोकाशी पांढरे बारीक धागे हलताना दिसले तर ती स्कुटॅरिएला नावाची कीड. मीठपाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवलं की ते गळतात. पण त्यांची कल्ल्यांजवळची अंडी कवचाला चिकटून राहतात. एरवी टाकलेली कात मी आत राहू देते, श्रिंप ती खातात. या टाकीतली कात चिमट्याने उचलून फेकते, आणि मिठाची अंघोळ पुन्हा देते. सगळ्यात जपावं लागतं ते पोटाखालच्या हिरव्या पुंजक्यापासून. मादीला अंडी धरली म्हणून घर हरखतं. भिंग घेऊन पाहावं: अंडी गोल आणि सुटी दिसतात, हिरवे धागे दिसले तर तो परजीवी, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. तो श्रिंप मोठ्या टाकीत जात नाही.

हे सगळं जुन्यांना जपण्यासाठी, असं लोक समजतात. मला ते अर्धंच पटतं. नवा जीव दुकानाच्या गर्दीतून, पिशवीच्या अंधारातून दमून आलेला असतो. त्याला धावपळ नसलेलं, पोटभर शेवाळ असलेलं पाणी मिळणं हा त्याचा हक्क आहे.

आणखी एक काळजी मला अलीकडे जास्त वाटते. चेरी श्रिंप हवाई बेटांवरच्या ओढ्यांत आणि जर्मनी-पोलंडमधल्या कोमट पाण्यात कायमचे वस्तीला गेले आहेत, माणसाने सोडले म्हणून. सह्याद्रीच्या ओढ्यांत आपले स्वतःचे गोड्या पाण्यातले श्रिंप आहेत, आणि त्यांच्यासाठी महिनाभर पहारा करणारं कोणी नाही. म्हणून टाकी धुतलेलं पाणी कुंडीत घाला. नको झालेले श्रिंप दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. ओढ्यात, तळ्यात, नदीत सोडू नका.