किलोला तीन मुठी

पसरणी घाटात चौथ्या-पाचव्या वळणावर मी सायकल कठड्याला टेकवली आणि बाटलीत उरलेलं कोकम सरबत मातीत ओतून दिलं. एक घोटसुद्धा पोटात ठरत नव्हता, आणि तहान तर अशी की जीभ टाळूला चिकटावी. पुण्याहून पहाटे सहाला निघालेली २०० किलोमीटरची बीआरएम होती, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, साडेतेरा तासांची मुदत. कात्रज झाला, खंबाटकी झाला, सुरूर फाट्यावरून आत वळून वाईही मागे पडली होती. पाचगणीला कार्डावर शिक्का घेतला की परतीला आधी या घाटाचा उतारच. पायांची काहीच तक्रार नव्हती. पोटानं मात्र साफ नकार दिला. मी वाईला उतरून आले आणि घरी फोन केला. नवरा गाडी घेऊन येईपर्यंत एका टपरीच्या सावलीत साध्या पाण्याचे छोटे छोटे घोट घेत बसले.

ती बाटली मी स्वतः भरली होती. म्हणून त्या राइडचं जास्त लागलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. जलसंजीवनी हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा पाठ आहे. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मुलांकडून वर्गातच करून घेते, चव घ्यायला लावते. आतड्याच्या भिंतीत एक दार आहे, त्यातून सोडियम आणि ग्लुकोज हात धरून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी खेचलं जातं, हे फळ्यावर काढून दाखवते. मग १९७१ सालची गोष्ट सांगते. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली होती, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. जिथे दहातली तीन माणसं दगावत होती, तिथे मृत्यूचं प्रमाण शंभरात चारच्याही खाली आलं. हे सांगताना आजही माझा आवाज जरा कापरा होतो.

आणि एवढं सगळं शिकवणारी मी, सायकल चालवायला लागल्यावर पहिली दोन वर्षं नुसतं पाणी पीत होते. एका एप्रिलमध्ये ८० किलोमीटरच्या राइडवर तीन लिटर पाणी प्यायले, तरी संध्याकाळी डोकं जड आणि मळमळ. काळ्या शॉर्ट्सवर पांढरे पट्टे, हेल्मेटच्या पट्ट्यांवर मिठाची खर. घामातून मीठ जात राहतं आणि वरून नुसतं पाणी पडत राहिलं, की रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. फारच घसरलं तर जिवावर बेततं. माझं तिथवर गेलं नव्हतं, पण त्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत बसले तेव्हा स्वतःचाच पाठ स्वतःला नव्यानं कळला.

आधी औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी वापरून पाहिली. तिच्यात लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं आणि मीठ भरपूर. जुलाबानं कोरड्या पडलेल्या लेकरासाठी ते अचूक आहे. घाट चढणाऱ्या मांड्यांना मात्र तेवढ्या साखरेनं काय होणार? तासाभरात ती संपते. मग मी उलट्या टोकाला गेले. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १०० ग्रॅमच्या वर साखर घातली. पाक झाला तो. घट्ट पाणी पोटातून पुढे सरकतच नाही, उलट आतडंच शरीरातलं पाणी आपल्याकडे ओढून घेतं. पुढचे दोन तास पोटात पखाल डुचमळल्यासारखं होत राहिलं.

मग ठरवलं की अंदाजपंचे बंद. मला किती घाम येतो, हे आधी मोजायचं. एका रविवारी पहाटे वजन केलं, ५८.४ किलो. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन खडकवासल्याच्या बाजूनं दोन तास बऱ्यापैकी जोरात चालवून आले, अंग कोरडं पुसून पुन्हा काट्यावर उभी राहिले. ५७.३. मधे एक बाटली प्यायले होते, ते पाऊण लिटर. म्हणजे दोन तासांत १.८५ लिटर घाम, तासाला साधारण ९०० मिलिलिटर. जानेवारीत हीच चाचणी केली तर आकडा निम्म्यावर आला. घामातलं मीठ तर माणसागणिक फार बदलतं. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचे कपडे मे महिन्यातही स्वच्छ राहतात. म्हणून माझी कृती जशीच्या तशी तिला देत नाही. मोजायचं कसं, तेवढं सांगते.

माझ्या बाटलीचं प्रमाण अखेर असं ठरलं: ७५० मिलिलिटर पाण्याला ४५ ग्रॅम साखर, म्हणजे सहा टक्के, आणि दीड ग्रॅम मीठ. एक ग्रॅम मिठात जेमतेम ३९० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे बाटलीत सहाशेच्या आसपास. वर अर्ध्या लिंबाचा रस. उन्हाळ्यात तासाला एक बाटली. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं आणि दोघांची आतड्यातली दारं वेगळी. एकट्या ग्लुकोजच्या दारातून तासाला ६० ग्रॅमच्या पुढे फारसं जात नाही, दुसरं दार उघडलं की वाट रुंदावते. घरच्या डब्यातली साखर या कामाला इतकी योग्य असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. उरलेली भूक केळी आणि राजगिऱ्याची वडी भागवतात.

हे सगळं जमलेलं असताना पसरणीला काय बिघडलं? आगळ.

सासूबाई राजापूरकडच्या. दर मे महिन्यात त्यांच्याकडून आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची बाटली येते. पाचव्या-सहाव्या तासाला लिंबू-साखरेची चव नकोशी होते, तेव्हा आगळाचा आंबट दणका जिभेला जागं करतो. म्हणून त्या बीआरएमला मी लिंबाऐवजी आगळ घातलं, दोन मोठे चमचे. आणि लांबचा पल्ला, कडक ऊन म्हणून मीठही वाढवून अर्धा चमचा केलं. आगळ मिठातच मुरतं, हे मला माहीत नव्हतं थोडंच? दर वर्षी बरणी पाहत आले होते. पण हिशेबात ते मीठ धरलंच नाही. साखर आणि आंबटपणाखाली खारटपणा दबून गेला आणि मी तीन बाटल्या तशाच संपवल्या.

पुढच्या मे महिन्यात राजापूरला जाताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बॅगेत घातला. पडवीत रातांब्यांचा, म्हणजे ओल्या कोकमांचा ढीग, सासूबाई विळीवर बसलेल्या, हात कोपरापर्यंत लाल. मी विचारलं, "आई, मीठ किती घालता हो?"

"किलोला तीन मुठी."

"मूठ म्हणजे किती?"

"अगो, मूठ म्हणजे मूठ. माझी."

मी काटा पुढे केला. त्यांनी आधी संशयानं पाहिलं, मग हात धुऊन कोरडा केला आणि जाड्या मिठाची मूठ ताटलीत सोडली. ५१ ग्रॅम. दुसरी ४९. तिसरी पुन्हा ५१. मी आणखी दोनदा घालायला लावली, दोन ग्रॅमच्या पलीकडे काटा हलला नाही. पन्नास वर्षं रातांबे मिठात घालणाऱ्या त्या हाताला मी 'अंदाज' म्हणत आले होते. त्या दिवसापासून तो शब्द त्यांच्या बाबतीत वापरत नाही.

किलोला दीडशे ग्रॅम. थोडं मीठ सालांबरोबर राहतं, म्हणून मी दहा मिलिलिटर आगळात एक ग्रॅम धरते. त्या दिवशी पसरणीला माझ्या एकेका बाटलीत पाच ग्रॅमच्या वर मीठ होतं, मला हव्या असलेल्याच्या तिपटीहून जास्त. आता बाटलीत पंधरा मिलिलिटर आगळ आणि ४५ ग्रॅम साखर. वरून मीठ चिमूटभरही नाही.

आईंनी त्या बाटलीतला घोट घेतला आणि म्हणाल्या, "गोड चांगलं आहे, पण बसल्याजागी पिऊ नकोस." त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. त्यांचं बरोबरच आहे. हे घाम गाळणाऱ्याचं पेय आहे, आणि तेही घाम गाळत असतानाच. सुट्टीच्या दिवशी मी त्याला हात लावत नाही. रक्तदाब किंवा साखर असलेल्या आमच्या गटातल्या मंडळींनाही मी आधी डॉक्टरांना विचारायला लावते, मगच काटा हातात देते.

फेब्रुवारीत पुन्हा तीच बीआरएम केली. पसरणीच्या त्या वळणावर थांबले नाही, बाटली तोंडाला लावली आणि चढत राहिले. पाचगणीला शिक्का, परतताना खंडाळ्याजवळ एक उकडलेलं अंडं आणि मीठ लावलेली काकडी, ऊन कलता कलता शिरवळ. बारा तास पन्नास मिनिटांत घरी.

या वर्षी आगळ कुरिअरनं आलं. दोन बाटल्या होत्या. एकीवर नेहमीसारखं काहीच नव्हतं. दुसरीवर औषधाच्या बाटलीला लावतात तशी चिकटपट्टी, आणि त्यावर आईंच्या अक्षरात: सायकलचं. मीठ १५० ग्रॅम, मोजून.