दोन चमचे म्हणजे किती?

पावसाळ्यात आमच्या ऑफिसात कीबोर्डपेक्षा खोकल्याचेच आवाज जास्त ऐकू येतात. मग कुणाच्या तरी ड्रॉवरमधून अर्धी बाटली निघते आणि सल्ला मिळतो, "अरे घे दोन चमचे, मला एका दिवसात गुण आला." दुसऱ्याचा टूथब्रश कुणी वापरणार नाही, पण दुसऱ्याला लिहून दिलेलं सिरप मात्र बिनधास्त ढोसतात!

मुळात हे चमचे कुठले? डॉक्टरांचा चमचा म्हणजे ५ मिली. घरात चहाचा चमचा वेगळा, पोह्यांचा वेगळा. टेबलस्पून तर १५ मिलीचा, सरळ तिप्पट. कोड रिव्ह्यूमध्ये युनिटशिवाय आकडा दिसला की आपण समोरच्याला सोलून काढतो, इथे मात्र सगळं अंदाजपंचे. बाटलीबरोबर मापाचं टोपण येतं ते सपाट जागी ठेवून, डोळ्यांच्या पातळीवर आणून बघावं. लहान मुलांसाठी बिनसुईची सिरिंज बरी. आणि हो, चिठ्ठीवरचा 'टीडीएस' म्हणजे पगारातून कापतात तो नव्हे :-) दिवसातून तीन वेळा. 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच.

नावांचा घोळ वेगळाच. ब्रँड एकच, पण पुढे 'एलएस' असलं तर आत बहुधा श्वासनळ्या मोकळ्या करणारं लेव्होसाल्ब्युटामॉल, 'डी' किंवा 'डीएक्स' असलं तर कोरडा खोकला दाबणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन. पहिलं जास्त झालं तर छातीत धडधडतं, हात थरथरतात. दुसरं, डिप्रेशनच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

मागच्या महिन्यात रात्री अकराला ताईचा फोन. भाचा तीन वर्षांचा, खोकून खोकून हैराण. "भाऊजींची बाटली आहे रे घरात, त्यातलं अर्धा चमचा देऊ का?" मी म्हटलं, आधी लेबल वाच. तिने अडखळत वाचलं, "कोडीन फॉस्फेट..." तिथेच थांबवलं तिला. मुलांच्या डॉक्टरांना फोन करायला लावला, त्यांनीही ठाम नको म्हणून सांगितलं.

कोडीनचं यकृतात मॉर्फिन होतं. काही जणांच्या शरीरात जन्मजात गुणधर्मामुळे ते फार झपाट्याने होतं, आणि हे बाहेरून बघून कळत नाही. मोठ्यांच्या डोसचं अर्धं म्हणजे मुलाचा डोस, हे गणित म्हणूनच चालत नाही. अमेरिकेत २०१८ पासून अठराखालच्यांना कोडीनचं खोकल्याचं औषध नको असंच सांगितलं जातं. आपल्याकडे छिंदवाड्यात मुलं दगावली ती सिरपमधल्या विषारी डायएथिलिन ग्लायकॉलमुळे. तो डोसचा प्रश्न नव्हता. पण त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने जी सूचना काढली, तिच्यात दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाचखालच्यांना सहसा टाळावीत, असं बजावलं आहे.

मोठ्यांसाठी एवढंच, की रात्रीचा डोस चुकला म्हणून सकाळी दुप्पट घेऊ नका. सिरपने गुंगी येत असेल तर बाईक काढू नका. कोडीनवर दारू किंवा झोपेची गोळी तर अजिबातच नको, श्वास मंदावतो. सिरप घेतलेला माणूस हलवूनही नीट जागा होत नसेल, किंवा श्वास फार संथ वाटत असेल, तर "झोपू दे बिचाऱ्याला" म्हणत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि बाटली बरोबर घेऊन जा.