नव्याण्णव रुपये

परवा माझा पुतण्या घरी आला. दोन वर्षे खपून त्याने मुलांसाठी एक अ‍ॅप तयार केले आहे. पावकी, निमकी, दिडकी, सगळे पाढे त्यात सुरात म्हटलेले. किंमत 99 रुपये, एकदाच द्यायचे. मी कौतुक केले आणि सहज विचारले, "अरे, पण आम्हा घरच्यांना फुकट नाही का?"

तो हसला, पण त्या हसण्यात काही तरी दुखावले होते. त्याच दुपारी आम्ही दोघांनी हॉटेलात कॉफी घेतली होती आणि तिचे 120 रुपये मी हूं की चूं न करता दिले होते!

"काका," तो म्हणाला, "पहिली प्रत करायला दोन वर्षे लागली. दुसरी काढायला एक पैसाही लागत नाही. म्हणून सगळ्यांना दुसरीच प्रत हवी असते. मग पहिलीचे पैसे कुणी द्यायचे?"

मी निरुत्तर झालो.

खरे म्हणजे ही सवय आपल्याला लावली गेली आहे. अ‍ॅपलचे दुकान 10 जुलै 2008 रोजी उघडले, तेव्हाच पुष्कळ अ‍ॅप्सची किंमत 99 सेंट होती. त्याच ऑगस्टमध्ये एकाने 999.99 डॉलरचे अ‍ॅप विकायला ठेवले. त्यात काय, तर पडद्यावर चमकणारे एक लाल रत्न! तेही आठ जणांनी घेतले, आणि मग अ‍ॅपलने ते काढून टाकले. माल नसला तरी किंमत असू शकते आणि माल असूनही ती नसू शकते, असा हा बाजार.

पुतण्याच्या 99 रुपयांतून कर जातो, दुकानदाराचे 15 टक्के जातात. हाती उरतात 71 च्या आसपास. शिवाय अ‍ॅपलच्या दुकानात माल मांडायचा म्हणून वर्षाला 99 डॉलर त्यानेच भरायचे. फोनची यंत्रणा दर वर्षी बदलते, की अ‍ॅपची डागडुजी आली. एकदा 99 रुपये देणारा मात्र जन्मभराची चाकरी गृहीत धरतो.

म्हणूनच आता जिकडेतिकडे रतीब सुरू झाला आहे. अ‍ॅडोबीने 2013 साली जाहीर केले, की फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या यापुढे वर्गणीनेच मिळतील. मला हे पटतही नाही. मी एका अ‍ॅपमध्ये चार वर्षे रोजनिशी लिहिली. वर्गणी चुकली आणि नवे पान उघडेना. माझेच घर आणि मीच उंबऱ्याबाहेर!

अशा वेळी मला आमच्या आजोबांचे खळे आठवते. गावचा सुतार वर्षभर नांगर, पाभर दुरुस्त करी आणि सुगीला धान्याचा वाटा नेई. बलुतेच ते. वाटा कमी पडला तरी नांगर आमच्याच दारात राही. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटायची. पण माप आजोबांच्या हातात असे. ते पुरते का, हे सुताराला कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. जातीने त्याला त्या धंद्याशी बांधलेच होते, जाणार कुठे?

आणि परवा पुतण्याच्या समोर बसून मी तरी दुसरे काय केले? माप हातात घेतले आणि तेही रिकामे!

"पुढे काय करणार आहेस?" मी विचारले.

"अ‍ॅप एकदा घेतले की ते त्याचेच. नवी भर हवी असेल त्याने वर्षाला थोडे द्यावे. यंदा जमले तर ठीक. नाही तर नोकरी आहेच."

तो गेल्यावर मी 99 रुपये भरले. नात मांडीवर येऊन बसली. दिडकी सुरू झाली. साठ वर्षांपूर्वी छडीच्या धाकाने पाठ केलेली दिडकी मी तिच्याबरोबर म्हणू लागलो आणि मध्येच अडखळलो.

"आजोबा, परत पहिल्यापासून," ती म्हणाली.

रात्री मी पुतण्याला फोन केला आणि म्हणालो, "ती वर्षाची वर्गणी केव्हा सुरू करतोस? पहिले नाव माझे लिही."